इमारतींची तपासणी ऑक्टोबरमध्ये करावी: नगरविकास आणि सहकार विभागांस खुले पत्र

प्रति,
माननीय प्रधान सचिव, नगरविकास विभाग, महाराष्ट्र शासन, मंत्रालय, मुंबई
आणि
माननीय सहकार आयुक्त व निबंधक, सहकारी संस्था, महाराष्ट्र राज्य, पुणे

विषय: निवासी इमारती व त्यांच्या आवारांच्या देखभालीचे निकष आणि तपासणीची वेळ यांबाबत

महोदय,

दरवर्षी पावसाळा तोंडावर आला की राज्यातील महापालिका आपापल्या हद्दीतील धोकादायक इमारतींच्या याद्या जाहीर करतात, त्या वर्तमानपत्रांत छापून येतात, आणि यादीतील इमारतींच्या दारांवर नोटिसा चिकटवल्या जातात. नोटिशीत इमारत रिकामी करावी किंवा तातडीने दुरुस्त करून घ्यावी असे कळवलेले असते आणि काही दुर्घटना घडल्यास तिची सर्वस्वी जबाबदारी रहिवाशांची राहील, हे वाक्य शेवटी न चुकता असते. ठाणे जिल्ह्यातील एका शहरात तळमजला अधिक चार मजल्यांच्या, २४ सदनिकांच्या एका गृहनिर्माण संस्थेचा मी नऊ वर्षे सचिव होतो. त्या काळात अशी एक नोटीस मी स्वतः सही करून घेतली आहे. तिच्या अनुभवावरून आणि त्याआधी माझ्या हातून झालेल्या चुकांवरून हे पत्र लिहीत आहे.

प्रथम कायद्याविषयी. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम २६५ अ नुसार तीस वर्षे पूर्ण झालेल्या इमारतीची तपासणी महापालिकेकडे नोंदणीकृत असलेल्या संरचना अभियंत्याकडून करून घेऊन स्थैर्याचा दाखला सादर करणे बंधनकारक आहे. मुंबईसाठी १८८८ च्या अधिनियमात कलम ३५३ ब आहे, त्याचा आशयही हाच. इतरत्र दाखला न दिल्यास कलम ३९८ अ प्रमाणे २५,००० रुपये किंवा वार्षिक मालमत्ता कराइतकी रक्कम, यांपैकी जी अधिक असेल तिचा दंड आहे. ही तरतूद चांगलीच आहे आणि ती काढून टाकावी असे माझे म्हणणे नाही. तिच्यामुळे आमच्यासारख्या शेकडो संस्थांनी आयुष्यात पहिल्यांदा अभियंत्याला जिन्याखाली नेऊन बीम दाखवला. परंतु तीस हा आकडा इमारतीला ठाऊक नसतो. मे २०२१ मध्ये उल्हासनगरात पंधरवड्याच्या आत दोन इमारतींचे स्लॅब कोसळले. त्यांपैकी साई सिद्धी ही इमारत नव्वदच्या दशकाच्या मध्यावर बांधलेली होती, म्हणजे तिने कायद्याची रेषा ओलांडलेलीच नव्हती. तिथे सात जण गेले. त्याआधी ऑगस्ट २०२० मध्ये महाडला तारिक गार्डन ही पाच मजली इमारत कोसळून १६ जणांचा मृत्यू झाला, तेव्हा ती दहा वर्षांचीही झालेली नव्हती. शिवाय महाड ही नगरपरिषद, त्यामुळे महानगरपालिका अधिनियमातील कलम तिला लागूच नव्हते.

नवी इमारत असेल तर रेरा या स्थावर मालमत्ता कायद्यानुसार बांधकामातील दोषांची जबाबदारी ताबा दिल्यापासून पाच वर्षे विकासकावर असते. म्हणजे सहाव्या वर्षापासून तिसाव्या वर्षापर्यंत इमारतीकडे बघायला महापालिकेचा कायदा कोणालाच सांगत नाही. सहकार विभागाने गृहनिर्माण संस्थांसाठी आखून दिलेल्या नमुना नियमांत, म्हणजे आदर्श उपविधींत, मात्र १५ ते ३० वर्षांच्या इमारतीचे पाच वर्षांतून एकदा आणि तीस वर्षांपुढील इमारतीचे तीन वर्षांतून एकदा संरचनात्मक परीक्षण करावे, असे स्पष्ट लिहिलेले आहे. दोन्ही विभाग एकाच शासनाचे, इमारत एकच आणि तिला लावलेल्या मोजपट्ट्या दोन. त्यांपैकी उपविधींची मोजपट्टी अधिक शहाणपणाची, पण ती पाळली गेली का हे कोणी विचारत नाही, म्हणून हे पत्र मी दोघांनाही लिहीत आहे.

इमारत खराब होते ती मुख्यतः पाण्यामुळे. काँक्रीटच्या आतील लोखंडी सळईला काँक्रीटमधील अल्कतेचे संरक्षण असते. भेगांतून पाणी आणि हवा आत गेली की हे संरक्षण हळूहळू नाहीसे होते आणि सळई गंजू लागते. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी अधिक जागा व्यापतो, त्यामुळे तो वरचे काँक्रीट आतून ढकलतो, ते फुगते, तडकते आणि एके दिवशी त्याचा पापुद्रा निखळून पडतो. आमच्या इमारतीत ही सगळी प्रक्रिया मागच्या डक्टमध्ये, म्हणजे पाइप जातात त्या अरुंद उभ्या पोकळीत, माझ्या डोळ्यांदेखत झाली आणि मला ती कळली नाही. तिसऱ्या मजल्यावरील न्हाणीच्या सांडपाण्याचा पाइप जिथे भिंतीतून बाहेर येतो तिथल्या सांध्यात पिंपळाचे रोपटे उगवले होते. दरवर्षी गणपतीच्या आधी आम्ही एका माणसाला दोरीने खाली सोडून कोयत्याने ते छाटून घ्यायचो. मूळ भिंतीतच राहायचे आणि पुढच्या पावसात दोन फांद्या अधिक फुटायच्या. २०१६ च्या जुलैत त्याच बाजूचा एक छज्जा दुपारी तीनच्या सुमारास खाली उभ्या असलेल्या स्कूटरवर पडला. स्कूटरवर कोणी नव्हते, इतकेच आमचे नशीब. पडलेल्या तुकड्यातील सळई मी हातात घेतली तर तिचे पापुद्रे खारी बिस्किटासारखे निघत होते. त्यानंतर आम्ही काय केले? छज्ज्याची उरलेली कड तोडून टाकली, तिथे सिमेंटचा गिलावा मारला आणि दिवाळीला संपूर्ण इमारतीला रंग दिला. सर्वसाधारण सभेने माझे अभिनंदन केले, त्याची नोंद इतिवृत्तात आहे.

आता मूळ मुद्दा. आमची नोटीस आली ती २०२२ च्या मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यात. इमारतीला त्याच वर्षी तीस वर्षे पूर्ण झाली होती. नोटीस देणारे कनिष्ठ अभियंता सौजन्याने वागले, त्यांच्याविषयी माझी कसलीही तक्रार नाही. ते इमारतीभोवती फिरले, जिन्यात गेले, गच्चीवर गेले आणि त्यांना काही ठिकाणी भेगा दिसल्या. परंतु मे महिन्यात भिंती कोरड्या ठणठणीत असतात. ज्या भिंतीवर सप्टेंबरमध्ये नकाशासारखे ओलीचे डाग पसरलेले असतात, तिच्यावर मेमध्ये फक्त रंगाचे थोडे पोपडे दिसतात. गच्चीच्या कोब्यातून पाणी कुठे मुरते, कोणत्या सदनिकेच्या छतावर बुरशी येते, डक्टमधला कोणता पाइप पाझरतो, आवारात पाणी किती वेळ तुंबून राहते, यांतले काहीही त्या महिन्यात दिसत नाही. रोग्याला ताप उतरल्यावर तपासावे, तसा हा प्रकार आहे. आणि दोष सापडला तरी उपाय करायला वेळ उरत नाही. निविदा मागवायच्या, विशेष सर्वसाधारण सभा घ्यायची, सभासदांकडून पैसे गोळा करायचे, परांची बांधायची, यात किमान तीन महिने जातात आणि पाऊस तर दोन आठवड्यांवर आलेला असतो. पावसात ना गच्चीचे वॉटरप्रूफिंग होत, ना बाहेरून सूक्ष्म काँक्रीटचे काम धड होत. त्यामुळे आम्ही तेच केले जे सगळे करतात: गच्चीवर निळे प्लास्टिक अंथरले, नोटिशीला लेखी उत्तर दिले आणि पाऊस कमी पडो अशी इच्छा धरली.

हीच तपासणी ऑक्टोबरमध्ये झाली तर भिंती स्वतःच बोलतात. ओल ताजी असते, रहिवाशांच्या तक्रारी ताज्या असतात, आणि समोर आठ कोरडे महिने असतात. ऑक्टोबरमध्ये पाहणी, नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये अंदाजपत्रक आणि सभा, जानेवारी ते मे या काळात काम, हा क्रम बांधकामाच्या धंद्यातला कोणताही मुकादम सांगेल. मान्सूनपूर्व तयारी या शब्दाची शासनाला इतकी सवय झाली आहे की मान्सूननंतरची पाहणी हा शब्द परिपत्रकांत मला कुठे आढळला नाही. धोकादायक इमारतींची मेमधील यादी हवी तर तशीच राहू द्यावी. कोणाला पावसाआधी बाहेर काढायचे हे ठरवायला ती लागतेच. मात्र ते तातडीच्या सुटकेचे काम झाले, देखभालीचा निकष त्यावरून ठरू नये.

सहकार विभागाकडे यासाठी एक तयार साचा आहे. संस्थेच्या हिशेबांचे लेखापरीक्षण दरवर्षी होते, ते शासनाच्या नामतालिकेवरील लेखापरीक्षकाकडूनच करून घ्यावे लागते, त्याचा अहवाल वार्षिक सभेपुढे ठेवावा लागतो आणि दाखवलेल्या त्रुटींचा दोषदुरुस्ती अहवाल ‘ओ’ नमुन्यात निबंधकांना पाठवावा लागतो. माळ्याला दिलेल्या दोनशे रुपयांच्या व्हाउचरवर त्याची सही नव्हती असा शेरा आमच्या अहवालात आला होता आणि त्याचे उत्तर मी तीन प्रतींत दिले होते. ज्या माळ्याचे व्हाउचर इतक्या बारकाईने तपासले गेले, तो माळी ज्या भिंतीला टेकून विडी ओढायचा ती भिंत तीस वर्षांत एकदाही तपासली गेली नव्हती. हिशेबाला लावलेली शिस्त विटा-काँक्रीटला लावावी, एवढीच मागणी आहे. दरवर्षी पावसाळ्यानंतर एका पानाचा इमारत-आवार पाहणी अहवाल तयार व्हावा, तो सूचना फलकावर लागावा, पुढच्या सभेत वाचला जावा आणि त्यातील दोषांची दुरुस्ती झाली की नाही हे लेखापरीक्षणाबरोबरच निबंधक कार्यालयात नोंदले जावे.

यासाठी दरवर्षी अभियंता नेमण्याची गरज नाही, हे मुद्दाम सांगतो, कारण लहान संस्थांना तो खर्च झेपणार नाही आणि मग अहवाल केवळ विकत घेतले जातील. पहिली पाहणी समितीचे दोन सभासद आणि एक जाणता प्लंबर एका रविवारी सकाळी करू शकतात. गच्चीचा उतार आणि पावसाळी पाइपांची तोंडे, पाण्याच्या टाक्यांखालचे बीम, डक्ट, जिन्याच्या टप्प्यांची खालची बाजू, पार्किंगमधील खांबांचे पाय, सांडपाण्याचे चेंबर, कुंपणाची भिंत, झाडे: बघायचे ते एवढेच. लाकडी हातोडीने गिलाव्यावर ठोकले की पोकळ जागा मडक्यासारखी वाजते, ती कोणालाही ऐकू येते. जिथे सळई उघडी दिसली, भेग रुंदावत चालली किंवा खांबाला तडा आढळला, तिथेच अभियंत्याला बोलवावे आणि त्याच्या अहवालात सी-१, सी-२ए, सी-२बी, सी-३ यांपैकी जो वर्ग येईल त्याप्रमाणे महापालिकेला कळवावे. आज सामान्य रहिवाशाला या वर्गांतील सी-१, म्हणजे अतिधोकादायक, एवढाच ठाऊक असतो, कारण बातमी त्याचीच होते. सी-३ म्हणजे किरकोळ दुरुस्ती. निकषांचे यश मोजायचेच असेल तर किती इमारती वर्षानुवर्षे सी-३ मध्येच राहिल्या यावरून मोजावे.

पैशांचा प्रश्न टाळता येत नाही. आदर्श उपविधींनुसार सिंकिंग फंडाची, म्हणजे मोठ्या दुरुस्त्यांसाठी राखून ठेवायच्या निधीची, वार्षिक वर्गणी सदनिकेच्या बांधकाम खर्चाच्या किमान ०.२५ टक्के आणि दुरुस्ती-देखभाल निधीची किमान ०.७५ टक्के. हा बांधकाम खर्च इमारत बांधतानाचा धरायचा, जमिनीची किंमत वगळून. आमच्याकडे तो १९९२ मध्ये सदनिकेमागे दोन लाख धरला होता, म्हणजे सिंकिंग फंडात वर्षाला पाचशे रुपये. चोवीस सदनिकांचे तीस वर्षांत मूळ तीन लाख साठ हजार आणि व्याजासह जेमतेम बारा-तेरा लाख जमले. दुरुस्ती निधी तर पंप, लिफ्ट आणि चौकीदाराची खोली यांतच दरवर्षी संपत आला. २०२२ मध्ये अभियंत्याने दुरुस्तीचे अंदाजपत्रक दिले ते ४८ लाखांचे, म्हणजे सदनिकेमागे बरोबर दोन लाख! ज्या रकमेत घर बांधले, त्याच रकमेत ते दुरुस्त करायचे. किमान दर हा किमान असतो, सभेने अधिक ठरवावा, असे सहकार विभाग म्हणेल आणि ते नियमाला धरूनही आहे. पण ज्या सभेत दरमहा शंभर रुपयांच्या वाढीवरून दीड तास भांडण चालते, तिथे किमान दर हाच कमाल होऊन बसतो. म्हणून वर्गणीचा आधार मूळ बांधकाम खर्च न ठेवता, ठरावीक वर्षांनी चालू बांधकाम दरांनुसार बदलणारा असावा. सरकारने दुरुस्तीसाठी सामूहिक निधीची कल्पना नव्याने शोधायची आहे असेही नाही. मुंबई शहरातील जुन्या भाडेकरू इमारतींसाठी १९६९ मध्येच कायदा करून दुरुस्ती उपकराची आणि स्वतंत्र मंडळाची सोय करण्यात आली होती.

येथे एक अप्रिय गोष्ट लिहावी लागते. इमारत वीस-पंचवीस वर्षांची झाली की सभांमध्ये एक वाक्य ऐकू येऊ लागते: आता कशाला खर्च करायचा, रिडेव्हलपमेंटच होणार आहे. जिथे जमिनीला भाव आहे तिथेही हे व्हायला दहा-बारा वर्षे सहज लागतात. जिथे भाव नाही, रस्ता अरुंद आहे किंवा मूळ इमारतीनेच सगळे चटईक्षेत्र वापरलेले आहे, तिथे विकासक फिरकतही नाही. मात्र त्या आशेवर गच्चीचे काम थांबते, टाकी गळत राहते आणि इमारत जितकी लवकर धोकादायक ठरेल तितके बरे, असे उघडपणे म्हणणारे सभासदही मी पाहिले आहेत. धोकादायक ठरण्यात फायदा आणि सांभाळण्यात नुसता खर्च, असे गणित शासनाच्याच धोरणांतून लोकांच्या मनात बसले आहे. पुण्यासारख्या महापालिका सौरऊर्जा, गांडूळखत, पर्जन्यजल संधारण यांसाठी मालमत्ता करात सवलत देतात. तशीच एखादी सवलत सलग पाच वर्षे पाहणी अहवाल देऊन दोष दूर करणाऱ्या संस्थेला दिली तर हे गणित थोडेफार उलटेल. दंडाचा सध्या होणारा परिणाम मात्र विचित्र आहे: ज्या निधीतून दुरुस्ती व्हायची, त्यातूनच दंड भरला जातो.

आवाराचा विषय इमारतीहूनही दुर्लक्षित आहे. २९ जून २०१९ रोजी मध्यरात्रीनंतर पुण्यातील कोंढव्यात एका निवासी संकुलाची भिंत शेजारच्या मजुरांच्या झोपड्यांवर कोसळली आणि १५ जण मरण पावले. त्याच आठवड्यात मालाडला भिंत पडून त्याहून अधिक माणसे गेली. तरीही मी पाहिलेल्या संरचना अहवालांत कुंपणाच्या भिंतीवर ओळभर मजकूर क्वचितच असतो. भिंत एका अंगाला उंच भरावाला टेकलेली असेल तर ती नुसते कुंपण राहत नाही, तिला मातीचा आणि मातीत साठलेल्या पाण्याचा दाब पेलायचा असतो, आणि त्यासाठी तिला पाणी निघून जायला भोके लागतात. आमच्या भिंतीला ती होती. डास होतात म्हणून आम्हीच ती सिमेंटने बुजवली होती.

पेव्हर ब्लॉकचेही असेच. जुने न उखडता त्यांच्यावर नवे बसवत गेल्याने आवाराची पातळी दर खेपेला तीन-चार इंच वर येते, उतार इमारतीकडे होतो आणि पाणी खांबांच्या पायाशी साचते. यात महापालिकांचाही वाटा आहे. समोरचा रस्ता काँक्रीटचा करताना तो इतका उंच केला जातो की जुन्या संस्थांची आवारे बशीसारखी खोलगट होऊन बसतात. रस्त्याची पातळी ठरवताना लगतच्या जोत्यांचा विचार व्हावा, हे निकष लिहिताना महापालिकांनी स्वतःवरही घालून घ्यावे. झाडांविषयी थोडक्यात: बुंध्याभोवती काँक्रीट ओतलेले झाड मुळे पसरू शकत नाही आणि वादळात पडते. फांद्या छाटण्यासाठी वृक्ष प्राधिकरणाची परवानगी मागितली तर ती मेच्या गर्दीत अडकते. हा अर्जही ऑक्टोबरच्या पाहणीला जोडता येईल.

एक प्रश्न असा की नोटीस कोणाला द्यायची. अनेक संस्थांच्या नावे अजून जमीन झालेलीच नाही. विकासकाने जमीन नावे करून दिली नाही तरी ती संस्थेच्या नावे करून घेण्याची, म्हणजे मानीव अभिहस्तांतरणाची, तरतूद २००८ मध्ये आली तरी कागदपत्रांअभावी प्रकरणे पडून आहेत. अशा ठिकाणी इमारत राहणाऱ्यांची आणि भूखंड मूळ मालकाचा किंवा विकासकाचा, त्यामुळे भिंत आणि नाला कोणाचा यावर पत्रव्यवहार चालू राहतो. देखभालीचा निकष ताब्याशी जोडावा, मालकीशी नव्हे. जो वापरतो त्याने पाहावे आणि कळवावे, खर्चाची वाटणी नंतर ठरू द्यावी. संस्थाच नोंदलेली नसेल तिथे हे पाहणीचे पान मालमत्ता कराच्या बिलाबरोबर पाठवावे, कारण ते बिल मात्र प्रत्येक दारापर्यंत बिनचूक पोहोचते.

यातून आणखी एक तपासनीस आणि आणखी एक पाकीट तयार होईल, ही शंका माझ्या मनातही आहे. म्हणूनच मी दाखला मागत नाही, नोंद मागत आहे, आणि ती फलकावर लावलेली, जिच्यावर खालच्या मजल्यावरच्या काकूही हरकत घेऊ शकतील.

आमच्या दुरुस्तीचे काम अखेर २०२३ च्या जानेवारीत सुरू झाले आणि एप्रिलअखेर संपले. डक्टमधील पिंपळ मुळासकट काढायला तीन दिवस लागले आणि त्यासाठी दीड फूट भिंत खोलावी लागली. चौथ्या मजल्याच्या जिन्यात एक भेग अभियंत्याने मुद्दाम न बुजवता ठेवली आहे. तिच्या दोन्ही टोकांना पेन्सिलने आडवी रेघ ओढून शेजारी तारीख लिहिली आहे. तेव्हापासून दर ऑक्टोबरमध्ये नवे सचिव आणि मी तिथे जाऊन पाहतो. गेल्या पाहणीपर्यंत भेग रेघेच्या आतच होती. आमच्या पाहणीच्या वहीची प्रत दोन्ही कार्यालयांना पाठवत आहे. नमुना तयार करताना ती उपयोगी पडली तर वापरावी, आणि शासन निर्णय काढायचे ठरल्यास तो सप्टेंबर संपण्यापूर्वी काढावा, ही विनंती.

आपला विश्वासू,
एका सहकारी गृहनिर्माण संस्थेचा माजी सचिव
ठाणे जिल्हा